माशाची आढी

टोकियोच्या गिन्झा भागातल्या चांगल्या सुशीच्या दुकानात ज्या घासासाठी सगळ्यात जास्त पैसे मोजले जातात, त्यातला मासा बहुधा आजचा नसतो. कालचाही नसतो. हे मी कोकणात कुणाला सांगितलं तर ‘तिकडे राहून याचं डोकं फिरलं’ असंच म्हणतील. आमच्या घरी मासा पारखायची रीत ठरलेली. कल्ले उघडले की लाल दिसले पाहिजेत, डोळा वर आलेला हवा, बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. टोकियोत भाषांतराच्या कामाला लागल्यावर मला दुसरी एक पारख शिकावी लागली. मामा इकडे फिरायला आले तेव्हा ती त्यांना दाखवायचं मी ठरवलं. मामांचं आयुष्य हर्णैच्या बंदरावर गेलेलं. वाळूत लागलेल्या मासळीच्या ढिगांचा लिलाव त्यांनी पोरवयापासून केला आहे. त्यांची अट एकच होती : “कच्चा मासा खायला घालणार असशील तर निदान ताजा घाल रे बाबा!”

अशी दुकानं बाहेरून ओळखूही येत नाहीत. आम्ही गेलो ते ऑफिसांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. हातभर पाटी, दारावर कापडी पडदा. आत हिनोकी नावाच्या लाकडाची एकच लांब, एकसंध, पॉलिश न केलेली फळी आणि तिच्यापुढे आठ खुर्च्या. टेबलं नाहीत, मेन्यूकार्ड नाही, गाणी नाहीत. फळीपलीकडे दोन हातांवर सुशी करणारा वस्ताद उभा. त्याला गिऱ्हाइकं ‘ताइशो’ म्हणतात. काय खायचं, कोणत्या क्रमाने खायचं हे तोच ठरवतो. या पद्धतीला ‘ओमाकासे’ म्हणतात. सहाची वेळ दिली असेल तर सहालाच बसायचं. भात त्याच हिशोबाने शिजवलेला असतो, आणि तुम्ही रेंगाळलात तर उरलेल्या सात जणांचा भात निवतो. कडक वासाचं अत्तर लावून येऊ नये अशी विनंती आरक्षणाच्या वेळीच केली जाते. मामांनी ठेवणीतलं अत्तर कानामागे लावलं होतं. ते मी घरातून निघतानाच धुवायला लावलं.

आरक्षण हाच निम्मा खटाटोप आहे. महिना-दोन महिने आधी नाव घालायचं, कार्डाचा नंबर द्यायचा, आणि ऐन वेळी रद्द केलं तर अख्खी रक्कम गेली असं समजायचं. काही ठिकाणी जुन्या गिऱ्हाइकाची ओळख लागते, काही ठिकाणी मोठ्या हॉटेलातून फोन गेला तरच दाद मिळते. ‘सुकियाबाशी जिरो’चं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. १९२५ साली जन्मलेल्या जिरो ओनो यांचं हे दुकान भुयारी रेल्वे स्टेशनाला लागून तळघरात आहे. जेमतेम दहा खुर्च्या. २०११ साली त्यांच्यावरचा माहितीपट आला आणि त्यांचं नाव जगभर झालं. एप्रिल २०१४ मध्ये जपानचे पंतप्रधान आबे यांनी बराक ओबामांना तिथेच जेवायला नेलं. मिशेलिनच्या मार्गदर्शिकेने या दुकानाला वर्षानुवर्षं तीन तारे दिले आणि २०१९ च्या अखेरीस ते यादीतून वगळलं. दर्जा घसरला म्हणून नव्हे. सामान्य माणसाला तिथे आरक्षणच मिळत नाही म्हणून.

आता हा मासा ताजा का नसतो, ते सांगतो. सुशी जन्मालाच आली ती मासा टिकवण्यासाठी. बिवा तलावाच्या काठी आजही ‘फुनाझुशी’ करतात. तलावातला मासा मीठ लावून भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवतात. भात आंबतो आणि त्या आंबटपणामुळे मासा टिकतो. खाताना भात बहुतेक काढून टाकतात. पुढे लोकांना एवढी वाट पाहवेना, तेव्हा भातात सरळ व्हिनेगर घालायला सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवून विकू लागले. याचं श्रेय हानाया योहेई (१७९९-१८५८) या दुकानदाराला देतात. तेव्हा सुशी हे गाडीवर उभ्याने खायचं खाणं होतं. मजूर, कारागीर, हमाल येता-जाता एक-दोन घास तोंडात टाकून पुढे जात. घास आजच्या दुपटी-तिपटीने मोठा असे. भाताला व्हिनेगरही स्वस्तातलं मिळालं. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन याने १८०४ मध्ये साके ही तांदळाची दारू गाळून उरलेल्या चोथ्यापासून तांबूस व्हिनेगर करायचा धंदा काढला होता. आजची ‘मिझकान’ कंपनी ती हीच.

मासा मिळायचा एदोच्या खाडीतून. शहर उन्हाळ्यात घामाघूम, आणि बर्फ गाडीवाल्याच्या आवाक्यातला नव्हे. मग काही मासे मीठ लावून व्हिनेगरमध्ये ठेवायचे, काही सोया सॉसमध्ये मुरवायचे, काही शिजवायचे, काही कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या पानांत गुंडाळायचे. पुढे फ्रीज आला, विमानं आली, टिकवण्याची गरज संपली. पण हे सोपस्कार कुणी सोडले नाहीत. त्यांनी माशाला जी चव येते ती नुसत्या ताज्या माशाला नसते, हे तोवर कळून चुकलं होतं. ‘एदोमाए’ सुशी ती हीच. मासा आता क्यूशूहून येतो, होक्काइदोहून येतो, परदेशातूनही येतो. एदोची उरली आहे ती त्याच्यावर काम करायची रीत.

या रीतीची परीक्षा महागड्या ट्यूनावर होत नाही. जाणकार गिऱ्हाईक बघतं ते ‘कोहादा’. हा आपल्या तारलीच्या गोतातला मासा. अंगाला चांदीची चकाकी, त्यावर काळे ठिपके, आणि आत काट्यांचं जंजाळ. आमच्यापुढे ताइशोने त्याचा लाकडी डबा उघडला तेव्हा मामा पुढे वाकून म्हणाले, “हा तर कालवणातला मासा!” ताइशोने सांगितलेली कृती अशी : मासा पोटाकडून चिरून उघडायचा, काटा काढायचा, चाळणीत पसरून वर मीठ भुरभुरायचं. मीठ किती मिनिटं ठेवायचं हे माशाची जाडी, त्यातली चरबी आणि त्या दिवशीची हवा पाहून ठरवायचं. मग धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवायचा, बाहेर काढून निथळायचा आणि एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, तसाच ठेवायचा. सुरुवातीला मीठ नि आंबट वेगवेगळं जाणवतं. दिवस गेले की ते एकमेकांत शिरतात, आणि कातडीखालची चरबी वर येते. दोन मिनिटं चुकली की मासा एकतर खारट होतो, नाहीतर वातड.

या माशाच्या भावाची गंमत मामांना फारच आवडली. उन्हाळ्यात त्याची करंगळीएवढी पिल्लं येतात, त्यांना ‘शिंको’ म्हणतात. एका घासावर दोन-तीन मासे बसतात, आणि हंगामाच्या पहिल्या दिवसांत त्यांचा किलोचा भाव ट्यूनाच्याही वर जातो. मोठा झाला की हाच मासा मातीमोल होतो. “आमच्याकडे कोण असं पिल्लांना भाव देईल तर मी उद्या जाळं टाकतो,” मामा म्हणाले.

आता भात. जपानात ‘सुशी’ म्हणजे मासा नव्हे, हा आंबट भातच. आणि ताइशो मंडळींच्या मते घासाच्या चवीत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. तांदूळ आखूड दाण्याचा, जरा कमी ओलीचा. शिजला की रुंद लाकडी परातीत उपसायचा आणि वाफ असतानाच व्हिनेगर-मीठ घालून उलथण्याने कापल्यासारखा हलवायचा, दाणा मोडू द्यायचा नाही. गिऱ्हाइकापुढे येतो तेव्हा तो अंगाइतकाच ऊन असतो. मासा त्याहून किंचित गार. हा फरकही ठरवून ठेवलेला. धंद्यात म्हणच आहे : तीन वर्षं भात शिजवायचा, आठ वर्षं घास वळायचा. आता सगळेच काही इतकी वर्षं उमेदवारी करत नाहीत, पण भातावर हात बसेपर्यंत फळीपुढे कुणाला उभं करत नाहीत.

वळणं मात्र डोळ्यांचं पातं लवावं तेवढ्यात उरकतं. मी मुद्दाम रोखून पाहिलं. ताइशो व्हिनेगरच्या पाण्याने हात ओला करतो. उजव्या हाताने बारा-पंधरा ग्रॅम भात उचलतो, डाव्या बोटांवर माशाचा काप घेतो. उजव्या तर्जनीने वासाबी नावाच्या मुळाच्या किसाचा ठिपका लावतो, भात टेकवतो, अंगठ्याने भाताच्या मधोमध खळगा पाडतो. मग घास उलटवून दोनदा दाबतो आणि फळीवर ठेवतो. खळगा पाडतो तो आत हवा राहावी म्हणून. बाहेरून घास बोटांत धरला तर सुटत नाही आणि जिभेवर गेला की दाणा न्‌ दाणा मोकळा होतो. चांगला वळलेला घास ठेवल्यावर क्षणभराने केसभर खाली बसतो. हे मी पूर्वी ऐकलं होतं; त्या दिवशी नीट पाहिलं. मामा डावखुरे आहेत, हे त्याने त्यांच्या चहाच्या पेल्यावरून हेरलं होतं. त्यांचा प्रत्येक घास तो उलट्या बाजूला तिरपा ठेवत होता.

मग ट्यूना आला. आपल्याकडे याच्या भाईबंदांना कुपा किंवा गेदर म्हणतात आणि सुरमई-पापलेटापुढे त्यांना कुणी विचारत नाही. जपानात किंमत मिळते ती निळ्या परांच्या ट्यूनाला. तोयोसूच्या बाजारात पहाटे त्याचा लिलाव होतो. (जुना त्सुकिजीचा बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये इकडे हलवला.) शेपटीकडचा काप उघडून, बॅटरीच्या उजेडात मांसाचा रंग नि चरबी बघून व्यापारी बोली लावतात. जानेवारी २०१९ मधल्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. अर्थात नव्या वर्षाच्या पहिल्या माशाचा भाव हा निम्मा जाहिरातीचा खर्च असतो. रोजचे भाव असे नसतात. आज ज्या ‘तोरो’साठी, म्हणजे पोटाकडच्या चरबीदार मांसासाठी, लोक जीव टाकतात, ते एदोच्या काळात फेकून देत. ते लवकर खराब होई आणि चरबीमुळे त्यात सोया सॉस मुरत नसे. चव बदलली ती गेल्या शतकात, शीतगृहं आल्यावर. विमान कंपन्यांनी तिला हातभार लावला. जपानमधून अमेरिकेकडे माल घेऊन जाणारी विमानं परतताना रिकामी येत. तेव्हा जपान एअरलाइन्सच्या माणसांनी कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचा ट्यूना बर्फात घालून आणला आणि १४ ऑगस्ट १९७२ रोजी तो त्सुकिजीत लिलावाला आला. त्या बेटावर तोवर या माशाला फारसं गिऱ्हाईकच नव्हतं.

मामांनी घास खाल्ला. डोळे मिटून चावला. मग मला म्हणाले, “विचार याला, मासा कधी पकडला?” मी विचारलं. ताइशो म्हणाला, “आज नववा दिवस. मोठा मासा आहे, सुरुवातीला नुसता पाणचट नि चिवट लागतो.” मामा थक्क झाले. “नवव्या दिवशी आमच्याकडे त्याचं माडाला खत घालतात!” हे मी जरा सौम्य करून सांगितलं. ताइशो हसला आणि त्याने कपाटातून दुसरा तुकडा काढला : कागदात गुंडाळलेला, बर्फाच्या डब्यात ठेवलेला. रोज कागद बदलायचा, सुटलेलं पाणी टिपून घ्यायचं, वास घ्यायचा, बोटाने दाबून पाहायचं. मामांनी ऐकून घेतलं आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे आढी घालतात म्हण की!” मग पेंढ्यात हापूस कसा लावतात, कसा वरखाली करतात ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. ताइशोने विचारलं, “पिकला हे कशावरून ओळखता?” मामा म्हणाले, “वासावरून. दुसरं काय!” ताइशोने मान डोलावली. त्यानंतर त्या दोघांना माझी फारशी गरज उरली नाही.

यामागचं विज्ञानही सांगण्याजोगं आहे. मासा मेला की त्याच्या स्नायूंतला ऊर्जेचा साठा हळूहळू फुटतो आणि त्यातून इनोसिनिक आम्ल तयार होतं. चवदार रश्श्याला जी भरीव गोडी असते ती यातूनही येते. शिंतारो कोदामा यांनी हे १९१३ मध्ये सुकवलेल्या बोनिटो माशात शोधलं. त्याआधी १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यात ग्लुटामिक आम्ल शोधून या चवीला ‘उमामी’ नाव दिलं होतं. सोया सॉसमध्ये ग्लुटामिक आम्ल भरपूर असतं, आणि ही दोन एकत्र आली की चव कितीतरी पटींनी वाढते. मुरलेल्या माशावर सोयाचा हात फिरवायचा तो याचसाठी. मात्र काही दिवस ठेवायचा तो मासा मरणापासूनच सांभाळलेला हवा. ‘इकेजिमे’ नावाच्या पद्धतीत पकडल्याबरोबर मेंदूत टोचा मारतात, रक्त काढतात आणि कण्यातून बारीक तार फिरवतात. मासा तडफडत नाही, ऊर्जेचा साठा वाया जात नाही, अंग उशिरा ताठरतं. जाळ्यात तासन्‌तास गुदमरून मेलेल्या माशाला कितीही दिवस ठेवा, तो फक्त सडतो.

म्हणूनच घरी बाजारातली सुरमई आणून तिचे काप भातावर ठेवायचा मोह टाळावा. समुद्री माशांत ‘अॅनिसाकिस’ नावाचा धाग्यासारखा जंत असू शकतो. मीठ, व्हिनेगर, वासाबी यांनी तो मरत नाही. शिजवून, किंवा उणे वीस अंशांखाली निदान चोवीस तास पूर्ण गोठवूनच मरतो. आपल्या साखळीत मासा बोटीपासून बाजारापर्यंत किती वेळ उन्हात पडला होता हे विकणारीलाही ठाऊक नसतं. आपला मासा तव्यावर नि रश्श्यात उत्तम आहे, त्याला तिथेच राहू द्या.

फळीपुढच्या शिष्टाचाराचा बाऊ करण्यात अर्थ नाही. हाताने खाल्लं तरी चालतं, चॉपस्टिकने खाल्लं तरी चालतं. मामांनी अर्थातच हात घातला, आणि हेच जुन्या रीतीला धरून आहे. घासावर आटवलेल्या सोयाचा हात ताइशोनेच ब्रशने फिरवलेला असतो, वासाबी आतच असते. त्यामुळे वेगळ्या वाटीत बुडवायची गरज नसते. वासाबी खऱ्या मुळाची, किसणीवर ताजी किसलेली. तिचा सुगंध काही मिनिटांतच उडतो. ट्यूबमध्ये मिळते तिच्यात बहुतेक वेळा दुसऱ्याच एका पाश्चात्त्य मुळ्याचा कीस असतो. आल्याच्या लोणच्याचे काप मधूनमधून तोंड साफ करायला. पाळायची गोष्ट एकच : घास पुढ्यात आला की उचलायचा. फोटो एखादा काढला तर कुणी रागावत नाही, पण तीन कोनांतून काढत बसलात तर भात निवतो आणि ताइशोचा चेहराही. शेवटी शिजवलेली आनागो, म्हणजे खाऱ्या पाण्यातली वाम, आणि केकसारखं मऊ, गोडसर ऑम्लेट आलं की जेवण संपत आलं असं समजावं. बक्षिसी द्यायची नसते.

गाडीवरचं खाणं इतकं महाग कसं झालं? १९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं आणि सुशी करणारे गावोगावी पांगले. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाईत १९४७ साली हॉटेलांवर बंदी आली. सुशीवाल्यांनी पळवाट काढली : गिऱ्हाइकाने वाटीभर, म्हणजे एक ‘गो’ तांदूळ आणायचा आणि मजुरी देऊन दहा नग सुशी घेऊन जायची. एदोची रीत देशभर पसरायला आणि घासाचा आकार आटोपशीर व्हायला याचा मोठा हात आहे. मग वाटा फुटल्या. एकीकडे गिन्झातल्या आठ-दहा खुर्च्यांची दुकानं, दुसरीकडे १९५८ मध्ये योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ काढलेलं फिरत्या पट्ट्याचं दुकान. बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा बघून त्यांना ही कल्पना सुचली. पट्ट्यावर सगळ्यात खपणारा सॅल्मन जुन्या वळणाच्या फळीवर सहसा दिसत नाही. तो जपानात कच्चा खाण्याचा रिवाज नव्हता. नॉर्वेने १९८०च्या दशकात आपला सॅल्मन खपवायला मोहीम काढली, तिथून तो रुळला.

खर्चाचं सांगायचं तर गिन्झात रात्रीचं जेवण माणशी तीस हजार येनच्या आसपास सुरू होतं, म्हणजे सध्याच्या दराने सतरा-अठरा हजार रुपये. नामांकित ठिकाणी याच्या दुप्पट. यात मासा महाग असतो हे खरं, पण त्याहून महाग असतो तो सकाळपासून त्यावर घातलेला हात. आणि एका रात्रीत खुर्च्या फार तर दोनदा भरतात. शाकाहारी माणसाने इकडे न फिरकलेलंच बरं. भाजी मिळाली तरी तिच्यात माशाचं पाणी असणारच, आणि आयत्या वेळी ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हणणं ताइशोवर अन्याय आहे. काही वर्ज्य असेल तर आरक्षणाच्या वेळीच कळवावं.

टोकियोला येणाऱ्यांना माझा सल्ला असा. एकदम रात्रीच्या जेवणात पैसे घालू नका. बऱ्याच चांगल्या दुकानांत दुपारी तोच हात, तोच भात निम्म्या किमतीत मिळतो. उभ्याने खायची सुशीची दुकानंही आहेत. तिथे एकेक नग मागवता येतो. दोन्हीकडे आधी कोहादा मागा. आवडला, तर तुमच्या जिभेला हे काम कळतंय असं समजा आणि गिन्झात खुशाल नाव घाला. नाही आवडला, तर पट्ट्यावर बसून शंभर-दीडशे येनच्या ताटलीतला सॅल्मन पोटभर खा. पोट भरतं, पैसे वाचतात, आणि टोकियोतली बहुतेक माणसंही तेच करतात.